निवळशंख

कालगुर्लीत समुद्र नाही.
जवळातला जवळ म्हणजे दक्षिणेला चारशे किलोमीटर.
प्यायचं पाणीसुद्धा पाईपातून येतं,
टेकड्यांमागच्या धरणातून, पंपामागून पंप,
वाळवंटातला उन्हाळा अंगावर घेत.
नळाशी पोचतं तेव्हा दमलेलं असतं,
असं ताता म्हणतो.

मी मीटर बुडवते. चारशे बारा.
म्हणजे काय?
म्हणजे पाण्यात पाण्याखेरीज जे आहे त्याची बेरीज.
नावं सांगत नाही तो. आकडा सांगतो.

लाँड्रीच्या भिंतीवर तीन पांढरे डबे:
गाळ अडवणारा, क्लोरीन गिळणारा कोळसा,
शेवटी रेझिनचे निळे मणी.
वर आडवी नळी, तिच्या पोटात गुंडाळलेला पडदा.
ताता टेफ्लॉनची पट्टी वेढतो, पाच वेढे,
सहावा सवयीने.
अडतीस वर्षं जमिनीखाली ड्रिल दुरुस्त केलेले हात.
मधेच थांबतो, वॉशिंग मशीनवर तळवा टेकून.
त्याचा श्वास परत येईतो
मी काहीतरी शोधत असते.
पाना. लाल नळी. काहीही.

नळ सोडला.
पहिल्या दोन तासांचं पाणी फेकायचं असतं.
नंतरही एक बादली ठेवायची तर तीन सोडाव्या लागतात.
"या गावात?" कुंपणापलीकडून ग्लेनिस,
"या गावात, झ्वोन्को?"
म्हणून काळी नळी लिंबाच्या बुंध्याशी नेली.
लिंबं तिला देऊ म्हटलं
तेव्हा कुठे ती हसली.

संध्याकाळी मीटर: शून्य.
निवळशंख पाणी.
इतकं निवळ की त्यात शंख जगायचा नाही.
आता त्यात सगळं परत घालायचं, मापून,
लिटरला पस्तीस ग्रॅम, रात्रभर ढवळत.
तातानं बोट बुडवून चाटलं.
"अळणी."
पस्तीसच असतं ताता, प्रवाळाला पस्तीस लागतं.
"आमच्या कोमिझात अडतीस होतं," तो म्हणाला.
नऊ वर्षांचा होता, बोट सुटली तेव्हा.
"हा कोणाचा समुद्र आणलास?"

पर्थहून विमानाने पिशवी आली,
तिच्यात अंगठ्याएवढं एक प्रवाळ, हिरवं,
मुठीसारखं मिटलेलं.
तिसऱ्या दिवशी उघडलं.
ताता खुर्ची घेऊन काचेसमोर बसला, चहा निवेपर्यंत.

मग वाळूवर तपकिरी साय.
पुसली. दुसऱ्या सकाळी पुन्हा.
मीटर म्हणतो शून्य. मी म्हणते शून्य.
कुठेतरी पाणी मुरत होतं.
दुकानदार फोनवर म्हणाला, सिलिका.
पडद्यातूनही थोडी निसटते,
रेझिन आधी तिलाच सोडतं,
आणि मीटरला ती दिसतच नाही.

मी ते तसंच तातासमोर बोलून गेले.
तो बराच वेळ वाळूकडे बघत होता.
त्यालाही दर वर्षी फोटो काढून
स्वच्छ आहे असंच सांगायचे,
पहिली अकरा वर्षं.

"दुसरा डबा लाव," एवढंच म्हणाला.

लावला. आता मणी खालून पिवळे होत जातात.
रोज सकाळी तो पट्टी घेऊन मोजतो, कॅलेंडरवर लिहितो:
चार मिलिमीटर. चार. सहा.
पिवळं वरपर्यंत पोचलं की मणी ओतून टाकायचे,
नवे भरायचे.
एवढं सोपं, असं तो म्हणत नाही.
मीही नाही.

रात्री लाँड्रीतली टिपटिप माझ्या खोलीत येते
आणि भिंतीपलीकडून त्याची धाप.
दोन्ही मोजत पडते.
पहाटे कधीतरी पिंप भरतं, तरंगा उचलला जातो,
थेंब आपोआप थांबतात.
मी उठून बसते, कान देते.

तो खोकतो.
मग विचारतो, भिंतीतूनच,
"किती झालं?"